बॅटरीवरची मशिनं घेताना : किचन फिटिंगच्या वहीतून

ताथवड्याच्या एका टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर आमचं किचन बसवायचं काम चालू होतं. खालचे बॉक्स, म्हणजे कपाटं, अकरा वाजेपर्यंत बसले. वरच्या बॉक्ससाठी भोकं मारायला मिस्त्रींनी नवंकोरं बॅटरीचं हॅमर ड्रिल काढलं आणि पहिल्याच भोकाला वीस मिनिटं गेली. बिट काळंनिळं पडलं, बॅटरी हातात धरवेना, आणि भोक जेमतेम नखाएवढं खोल. शेवटी शेजारच्या फ्लॅटमधल्या एसीवाल्यांकडून वायरचं रोटरी हॅमर मागून आणलं, तेव्हा काम सुटलं. ते ड्रिल मी आठवड्यापूर्वीच घेतलं होतं. मिस्त्री-हेल्परच्या चार जोड्यांसाठी चार. मशीन चांगलं होतं, पण आपण कुठल्या भिंतीला भोक मारणार आहोत हे मी घेताना विचारातच घेतलं नव्हतं.

मी चिंचवडहून मॉड्युलर किचन आणि वॉर्डरोब बसवायची कामं घेते. वडील सुतार होते, गिरमिट आणि पटाशी त्यांच्या पिशवीत शेवटपर्यंत असायची. आता आमच्याकडे चार जोड्या आहेत, एक मिस्त्री आणि एक हेल्पर अशी जोडी. मशिनांची खरेदी, चार्जिंग, दुरुस्ती सगळं माझ्याकडे, आणि ते मी वहीत लिहून ठेवते. पहिल्यांदाच बॅटरीची मशिनं घेणाऱ्या मिस्त्रींचे आणि छोट्या कंत्राटदारांचे मला फोन येतात. त्यांना जे सांगते ते इथे सविस्तर लिहिते आहे.

आधी एक आठवडा लिहून काढा

दुकानात जायच्या आधी आठवडाभर रोजचं काम कागदावर उतरवा. किती भोकं, कशात, किती एमएमची. किती स्क्रू, कुठल्या लांबीचे. किती कटिंग, आणि ते साईटवर होतं की कारखान्यात. आमचा आठवडा लिहिल्यावर मला कळलं की एका किचनमध्ये साधारण वीस शटर, म्हणजे कपाटांची दारं असतात, शटरला दोन बिजागऱ्या, बिजागरीला चार स्क्रू, म्हणजे नुसत्या बिजागऱ्यांचेच एकशे साठ स्क्रू. त्याउलट भिंतीतली भोकं फक्त तीसेक. पण वेळ कशात जातो? त्या तिसात. माणूस दमतो तेही तिथेच.

म्हणून माझा पहिला नियम असा, की रोजच्या कामातलं सगळ्यात जड काम कोणतं ते शोधा आणि ते काम नीट करणारं मशीन ज्या बॅटरीवर चालतं ती बॅटरी निवडा. हलकी कामं कुठल्याही कंपनीच्या बॅटरीवर होतात.

मिवानची भिंत आणि दोन वेगळी हॅमर

जुन्या पुण्यात विटांची भिंत. नंतरच्या बऱ्याच इमारतींत एएसी ब्लॉकची, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांची. या दोन्हींत साध्या हॅमर ड्रिलने भोक पडतं. पण पुनावळे, ताथवडे, हिंजवडी या पट्ट्यातल्या नव्या टॉवरमध्ये ॲल्युमिनियमच्या साच्यात सगळी भिंतच काँक्रीटची ओततात. साईटवर त्याला मिवान म्हणतात. तिथे किचनची आतली भिंतसुद्धा आरसीसी असते, आणि तिच्यात सळई.

साध्या हॅमर ड्रिलमध्ये दातेरी दोन चकत्या एकमेकींवर घासत उड्या मारतात, त्यातून बारीक बारीक ठोके मिळतात. ठोक्याला जोर तुमच्या हाताचा लागतो. रोटरी हॅमरमध्ये पिस्टन असतो. तो हवा दाबतो आणि त्या हवेने आतला ठोकळा बिटाच्या मागे आपटतो. जोर मशीन देतं, तुम्ही फक्त धरायचं. या ठोक्याची ताकद ज्यूलमध्ये लिहिलेली असते. आपल्याकडे सगळ्यांना माहीत असलेलं बॉशचं वायरचं ‘दोन-सव्वीस’ २.७ ज्यूलचं आहे. १८ व्होल्टची बॅटरीची छोटी रोटरी हॅमर साधारण १.२ ते २ ज्यूलपर्यंत मिळतात. ६ आणि ८ एमएमच्या गट्टीसाठी (भोकात बसवून स्क्रू धरणारा तुकडा) २ ज्यूलच्या आसपासचं पुरतं. दिवसभर १२ एमएमचे अँकर मारायचे असतील, तर वायरचंच ठेवा.

अजून एक गोष्ट, बॅटरीशी संबंध नसला तरी. डॅडोच्या, म्हणजे ओट्यामागच्या भिंतीच्या टाईलमधून भोक मारताना आधी हॅमर बंद ठेवून टाईलच्या बिटाने टाईल पार करा, मग हॅमर चालू करा. एक फुटलेली टाईल दिवसाची मजुरी खाते.

व्होल्टच्या आकड्यांना घाबरू नका

लिथियमचा एक सेल ३.६ व्होल्टचा धरतात, पूर्ण भरल्यावर तो ४.२ पर्यंत जातो. पाच सेल एकापुढे एक जोडले की ३.६ गुणिले ५ म्हणजे १८ व्होल्ट. तेच पाच सेल ताजे भरलेले असताना मोजले तर वीसच्या वर. एक कंपनी १८ लिहिते, दुसरी ‘२० मॅक्स’, आत सेल तेवढेच. तसंच १०.८ आणि ‘१२ मॅक्स’, आत तीन सेल. दुकानदार दोन व्होल्ट जास्त म्हणून जास्त पैसे मागू लागला तर हा हिशोब त्याला सांगा.

बाजारात आणखी काही मशिनं ४८, ८८, अगदी १२८ असे आकडे आणि पुढे ‘व्हीएफ’ लिहून विकतात. आत बहुतेक तेच पाच सेल. हा आकडा व्होल्टचा नसतोच. ज्या बॅटरीवर व्होल्ट आणि एएच (ॲम्पिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती चार्ज मावतो) स्वच्छ लिहिलेले नाहीत ती धंद्यासाठी घेऊ नका.

खरोखर जास्त व्होल्टचीही बॅटरी असते. मकिताची ‘४० मॅक्स’ ही दहा सेल ओळीने जोडलेली आहे, डीवॉल्टची फ्लेक्सव्होल्ट २०१६ साली आली, आणि हायकोकीची मल्टी व्होल्ट आहे. यांत फरक समजून घ्या. फ्लेक्सव्होल्ट आणि मल्टी व्होल्टची बॅटरी त्याच कंपनीच्या १८ व्होल्टच्या मशीनलाही लागते. मकिताची ४० मात्र त्यांच्या १८ व्होल्टच्या मशीनला लागत नाही, ती वेगळीच जात आहे. फॅब्रिकेशनवाले किंवा मोठा ग्राइंडर दिवसभर चालवणारे यांनी तिचा विचार करावा. फर्निचर, इलेक्ट्रिक, प्लंबिंग, एसी या कामांना १८ व्होल्ट भरपूर होतं.

एएच म्हणजे फक्त किती वेळ, असं नाही

हे मला स्वतःला उशिरा कळलं. २ एएचची बॅटरी ५ एएचच्या मानाने लवकर संपते एवढंच मी धरून चालले होते. पण आमचा हेल्पर ग्राइंडरला २ एएचची लावायचा आणि ग्राइंडर दाब दिला की बंद पडायचा. बॅटरीवर चार्जचे दिवे मात्र तीन. मशीन दुकानात नेलं, त्यात काही बिघाड निघाला नाही.

कारण असं आहे. १८ व्होल्टच्या साध्या २ एएचच्या बॅटरीत पाच सेल असतात. ५ एएचच्या बॅटरीत सहसा दहा, पाच-पाचच्या दोन रांगा. मशीनने एकदम जोराचा करंट ओढला की एका रांगेवर सगळा भार येतो, व्होल्टेज खाली बसतं आणि संरक्षण म्हणून बॅटरी किंवा मशीन स्वतःला बंद करतं. दोन रांगा असल्या की भार अर्धा-अर्धा होतो. म्हणून रोटरी हॅमर, ग्राइंडर आणि गोल करवत यांना मोठी बॅटरी, ड्रिल आणि स्क्रूच्या मशीनला छोटी. छोटी तिथे मुद्दाम हवी, कारण वरच्या बॉक्समध्ये हात उंच धरून तासभर स्क्रू मारताना अडीचशे-तीनशे ग्रॅमचा फरक खांद्याला कळतो.

सेलमध्येही दोन मापं आहेत. जुना १८६५० म्हणजे १८ एमएम जाड आणि ६५ एमएम लांब. नवा २१७००, २१ एमएम जाड, ७० एमएम लांब. जाड सेल जास्त करंट देतो. बॉशची प्रोकोर ४ एएच अशी आहे, पाचच जाड सेल, त्यामुळे आकाराने लहान पण जोरदार. मध्यम कामाला मला ही जात सगळ्यात आवडते.

एकच कंपनी, पण बॅटरी वेगळी

यात खूप जण फसतात. रंग तोच, नाव तेच, आकडा १८ तोच, आणि बॅटरी बसत नाही. बॉशची घरगुती हिरवी आणि धंद्याची निळी, दोघींची १८ व्होल्टची बॅटरी एकमेकींना लागत नाही. मकिताची एलएक्सटी २००५ पासून चालू आहे आणि तिच्यावर मशिनं ढिगाने आहेत, पण स्वस्त जी-सिरीजची बॅटरी तिच्या मशिनांना बसत नाही. दुकानात सेट घेताना बॅटरी काढा, तुम्हाला पुढे हवं असलेलं मशीन मागवा, आणि ती बॅटरी त्यात समोर लावून बघा. तोंडी उत्तरावर विसंबू नका.

काही कंपन्यांनी एकत्र येऊन एकच बॅटरी ठरवली आहे. मेटाबोच्या पुढाकाराने २०१८ साली झालेली कॉर्डलेस अलायन्स आणि बॉशच्या निळ्या बॅटरीभोवतीची ॲम्पशेअर, या दोन मोठ्या. पाईपचं प्रेसिंग किंवा तसलं खास काम असणाऱ्यांना याचा उपयोग होतो. हिल्टीने २२ व्होल्टची न्यूरॉन आणली, ती मोठ्या कंत्राटदारांची चीज, अँकरची कामं रोज असतील तर. आमच्यासारख्यांना ती परवडत नाही, आणि गरजही नाही.

ॲडॅप्टर लावून एकाची बॅटरी दुसऱ्याला चालवतात, तेही सांगते. बॅटरी फार उतरू नये म्हणून करंट तोडायचं काम काही कंपन्यांत बॅटरी करते, काहींत मशीन. मधे ॲडॅप्टर आला की हा निरोप पोचत नाही. बॅटरी तळाला जाते आणि मग चार्जर तिला घेत नाही. आमच्या दोन बॅटऱ्या अशाच गेल्या.

काय वायरवर ठेवायचं

सगळं बॅटरीवर आणायचा मोह होतो. आमच्या कारखान्यात पॅनेल सॉ, चॉप सॉ, ट्रिमर सगळं वायरवर आहे आणि तसंच राहणार. साईटवर प्लाय जास्त कापायचा असेल तर वायरचं कटर मशीन जातं. व्हॅक्यूमही वायरवर. एका जागी उभं राहून दिवसभर चालणाऱ्या मशीनला बॅटरी लावणं म्हणजे पैसे जाळणं. शिडीवर, बॉक्सच्या आत, बाथरूमच्या ओल्या फरशीवर, अजून मीटर न आलेल्या फ्लॅटमध्ये, अशा जागी बॅटरीला पर्याय नाही. गुरुवारी दुरुस्तीसाठी महावितरणची वीज बंद असली की पूर्वी आमचा अर्धा दिवस जायचा. आता आदल्या रात्री सगळं भरून ठेवतो. ओल्या जागी वायर फिरत नाही, मला याचंच समाधान जास्त आहे.

एका जोडीसाठी आमचा संच असा आहे. २ ज्यूलचं १८ व्होल्टचं रोटरी हॅमर. इम्पॅक्ट ड्रायव्हर, म्हणजे ठोके देत स्क्रू पिळणारं मशीन, बॉक्स जोडायच्या लांब स्क्रूंसाठी. आणि क्लच असलेलं छोटं ड्रिल, बिजागऱ्यांसाठी. शेवटचं वगळू नका. पार्टिकल बोर्डात इम्पॅक्ट ड्रायव्हरने बिजागरीचा स्क्रू मारला की भोक घसरतं, सहा महिन्यांनी शटर लोंबतं आणि ग्राहकाचा फोन येतो. क्लच तीन-चारवर ठेवा, स्क्रू बसला की ते टकटक करून थांबतं. हे छोटं ड्रिल आम्ही १२ व्होल्टचं ठेवलंय, हलकं म्हणून. एकटा काम करणारा मिस्त्री असेल तर मात्र १८ चंच लहान मॉडेल घ्या, दोन प्रकारच्या बॅटऱ्या सांभाळत बसू नका. डीवॉल्टचे काही चार्जर १०.८ पासून १८ पर्यंत सगळं भरतात, अशी सोय असेल तर गोष्ट वेगळी.

ब्रशलेसच, म्हणजे मोटरीत कार्बनचे ब्रश नसलेलंच मशीन घ्या. कार्बन बदलायची कटकट नाही, त्याच बॅटरीत काम जास्त होतं. फक्त आतलं सर्किट गेलं तर गल्लीतल्या वाइंडिंगवाल्याकडे ते होत नाही, सर्व्हिस सेंटरलाच जावं लागतं. आणि पुढचा मुद्दा तोच आहे.

सर्व्हिस सेंटर पायी जाऊन बघा

मशीन निवडण्याआधी मी तीन सर्व्हिस सेंटरना स्वतः गेले. काउंटरवर किती मशिनं धूळ खात पडलीत, पावतीवर तारीख कधीची आहे, स्पेअर इथे मिळतात की मुंबईहून येतात, हे बघितलं. तिथे दुरुस्तीला आलेल्या मिस्त्रींशी बोलले, ते सगळ्यात खरं सांगतात. ज्या कंपनीचं मशीन मला सगळ्यात जास्त आवडलं होतं, तिचं जवळचं सेंटर आमच्यापासून दीड तास लांब निघालं. मी ती घेतली नाही. मशीन आठ दिवस बंद म्हणजे जोडी आठ दिवस अर्धी.

बॅटरीची वॉरंटी मशीनपेक्षा वेगळी असते, कधी कमी. बिलावर बॅटरीचा सिरीयल नंबर लिहून घ्या. काही कंपन्या ठरलेल्या दिवसांत ऑनलाईन नोंदणी केली तर वॉरंटी वाढवून देतात, ते त्याच दिवशी करून टाका. पक्कं बिल नसेल तर यातलं काहीच मिळत नाही.

मी एकदा पुण्याच्या बोहरी आळीतल्या एका दुकानातून जादाच्या दोन बॅटऱ्या घेतल्या होत्या, कंपनीच्या नावाच्या, निम्म्या भावात, बिलाशिवाय. वर ६ एएच छापलेलं. दोन महिन्यांत एक फुगली. तेव्हापासून मी वजनकाटा घेऊन जाते. एका १८६५० सेलचं वजन ४५ ग्रॅमच्या आसपास. दहा सेल म्हणजे साडेचारशे, वर खोका आणि पट्ट्या. दहा सेलची खरी ५ एएचची १८ व्होल्टची बॅटरी सहाशे ग्रॅमच्या आसपास किंवा पुढे भरते. माझी ती फुगलेली साडेतीनशेही नव्हती. आत पाचच सेल. बोहरी आळी चांगली जागा आहे, माझी अर्धी खरेदी अजून तिथलीच आहे, फक्त बॅटरी मी अधिकृत डीलरकडूनच घेते.

किती बॅटऱ्या आणि कोणता चार्जर

सेटमध्ये बहुतेक वेळा २ एएचच्या दोन बॅटऱ्या आणि हळू चार्जर येतो. चार्जरवर किती ॲम्पिअर ते लिहिलेलं असतं. बॅटरीचे एएच भागिले चार्जरचे ॲम्पिअर, आणि वर थोडं. ५ एएचची बॅटरी २ ॲम्पिअरच्या चार्जरवर अडीच तासांहून जास्त घेते, ९ ॲम्पिअरवाल्यावर पाऊण तासात होते. पाऊण तासात आमची मोठी बॅटरी संपत नाही, म्हणजे दोन मोठ्या आणि एक जलद चार्जर असला की हॅमर थांबत नाही. जोडीला आमच्या दोन मोठ्या, दोन छोट्या, आणि गाडीत सगळ्यांत मिळून एक जादाची. पैशांची वाटणी करताना शंभरातले चाळीस तरी बॅटरी आणि चार्जरला ठेवा.

सगळ्या जोड्यांना एकदम नवं घेऊ नका. एका जोडीला द्या, महिनाभर वापरू द्या. दुकानात दाखवायला सांगताना आपला १८ एमएमचा प्लाय, आपले ७ बाय ५० चे स्क्रू आणि आपला मिस्त्री घेऊन जा. दुकानातलं पाईनचं लाकूड लोण्यासारखं कापलं जातं, त्यावरून काही कळत नाही. मशीन शेवटी मिस्त्रीच्या हातात राहणार आहे, मूठ त्याला बसली पाहिजे. आमच्या एका मिस्त्रीचा हात लहान आहे, त्याने जे मशीन नाकारलं ते बाकी तिघांना आवडलं होतं. त्याला वेगळं दिलं, बॅटरी तीच.

सांभाळणं

प्रत्येक बॅटरीवर मी नेलपॉलिशने नंबर टाकते. स्टिकर निघून जातो, नेलपॉलिश राहतं. वहीत नंबर, घेतल्याची तारीख, कोणाकडे आहे, आणि तक्रार. एप्रिल-मे मध्ये गरम बॅटरी लगेच चार्जरला लावू नका, चार्जर तिला थंड होईपर्यंत थांबवून ठेवतो आणि मिस्त्रीला वाटतं चार्जर बिघडला. बंद टेम्पोत, उन्हात तर ठेवूच नका. होळीला आमचे उत्तरेकडचे कारागीर गावी जातात तेव्हा तीन आठवडे मशिनं पडून असतात. त्या वेळी बॅटऱ्या चार दिव्यांपैकी दोनवर आणून, मशीनमधून काढून, कपाटात. पूर्ण भरून किंवा पूर्ण उतरवून ठेवू नये.

एकदा नागपूरच्या कामाला विमानाने गेलो. मशिनं सामानात गेली, बॅटऱ्या मात्र हातातल्या बॅगेत न्याव्या लागतात. १८ व्होल्ट गुणिले ५ एएच म्हणजे ९० वॉट-अवर, शंभरच्या आत, म्हणून अडलं नाही. ८ एएचची १४४ होते, तिला एअरलाईनची आधी परवानगी लागते. निघण्याआधी एअरलाईनला विचारून घ्या.

मेलेल्या बॅटरीत गल्लीत नवे सेल टाकून मिळतात. मी एकदा करून पाहिलं, हॅमरला ती चार दिवस चालली. आता करत नाही. फुगलेली, पडून फुटलेली, पाणी गेलेली बॅटरी कचऱ्यात टाकू नका, भंगारवाल्यालाही देऊ नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती परत गोळा करण्याची जबाबदारी कंपनीवर आहे. आम्ही टोकांवर चिकटपट्टी लावून पत्र्याच्या डब्यात साठवतो आणि सर्व्हिस सेंटरला मशीन द्यायला जाताना सोबत नेतो.